छिंगच्या अक्षरातला हात

तेंग काकांनी केलं ते चूक होतं, असं आमच्या मुख्याध्यापकांपासून कोपऱ्यावरच्या मटणसूपवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला ऐकवून झालं आहे. सरकारी दगडावर छिन्नी चालवायची म्हणजे काय! मी ऐकून घेते आणि वर्गावर जाते. मला विचाराल तर चूक त्यांची नव्हती, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. पेई साहेबांना तर सांगितलंही आहे.

तेंग शौचिन आमचे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या अंगणात कमरेएवढी विटांची भिंत आहे, आणि गेली पंधरा वर्षं त्या भिंतीवरून माझ्या पुस्तकांवर त्यांच्या दगडाची पूड बसते आहे. आमच्या गावामागच्या टेकडीत काळा दगड निघतो. टिचकी मारली की पितळी भांड्यासारखा वाजतो. त्याचंच छिंग करतात. सुताराचा गुण्या जरा फाकवून धरावा तसा आकार, एक तंगडी लांब, एक आखूड, कोपऱ्याजवळ भोक. भोकातून दोरी ओवून टांगायचं आणि लांब तंगडीवर लाकडी हातोडीनं मारायचं. सोळा छिंगांचा एक संच होतो, सोळांचे सोळा सूर. पूर्वी आमच्या गावात असा संच करणारी पाच-सहा घरं होती म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा एकच उरलं होतं.

त्या एका घरातही छिंग शिल्लक राहिलं ते लोणच्यामुळे. काकांच्या लहानपणी ‘जुनं ते सगळं मोडा’ अशी मोहीम आली, देवळातली जुनी वाद्यं अंगणात आणून फोडायची, आणि ज्यानं ती केली त्याला चौकात उभं करायचं. काकांच्या वडिलांनी घरातली सगळी छिंगं स्वतःच्या हातानं फोडून दिली. एक मात्र कोबीच्या लोणच्याच्या रांजणात दडपण म्हणून ठेवलं. घरं तपासायला आलेल्या मोहिमेतल्या पोरांनी रांजणाचं झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि परत बंद केलं. पुढची अकरा वर्षं काकांची आई रोज त्या भोकात बोट घालून दगड उचलायची, कोबी काढायची, दगड परत ठेवायची. तो दगड मी पाहिला आहे. अजून त्याला आंबट वास येतो.

काकांनी तरुणपणी कालव्याला दगड लावले, दळायच्या जात्यांना टाकी लावली. मग गावात कागदावर ठेवायच्या वजनांचा कारखाना निघाला, तिथे सोळा वर्षं विजेच्या करवतीपुढे उभे राहिले. कानात घालायला मालकानं काय दिलं? कापूस! तोसुद्धा पहिल्या महिन्यात दिला, नंतर म्हणे घरून आणा. उजवा कान तिथेच गेला. डावा अर्धा उरला. कारखाना बंद पडला तेव्हा मालक शहरात राहायला गेला आणि काका तो अर्धा कान घेऊन घरी आले. वय छप्पन्न. रांजणातला दगड काढला, धुतला, टांगला आणि वडिलांचं काम आठवायला बसले.

आवाज चढला असेल तर दगड अंगावर घासायचा म्हणजे पातळ होऊन आवाज उतरतो. उतरला असेल तर टोकाला घासायचा म्हणजे चढतो. शिकायचं एवढंच, पण चार घासे जास्त झाले की महिन्याचं काम वाया. अर्ध्या कानानं हे जमणार कसं? काकांनी एक बांबूची कांडी केली, वीतभर. तिचं एक टोक दातात धरायचं, दुसरं दगडाला टेकवायचं आणि दगडावर ठोका द्यायचा. आवाज जबड्यातून डोक्यात जातो. गावातली पोरं भिंतीवर चढून बघायची आणि ओरडायची, “म्हातारा दगड खातोय!” काकू, म्हणजे त्यांची बायको स्वइचू, आतून म्हणायची, “खाऊ दे, खाऊ दे. मी केलेल्या पोळ्या चावत नाहीत म्हणतो, दगड बरे चावतात!”

ड्रॅगनच्या वर्षी वसंतोत्सव झाल्यावर गाडीतून पेई साहेब आले. पेई साहेब संस्कृती खात्याचे. चेहरा गोल, बोलणं गोड, हातात कायम चहाची काचेची बाटली. गावच्या वेशीवर ‘गाणाऱ्या दगडांचा चौक’ करायचा होता. एका बाजूला छिंग या अक्षराचा इतिहास मोठमोठ्या शिळांवर कोरायचा, दुसऱ्या बाजूला खरा सोळा छिंगांचा संच टांगायचा. दोन्ही कामं काकांनी करायची.

“पैशाचं तुमचं तुम्ही ठरवा,” काका म्हणाले. “माझी एकच अट. संच टांगला की पहिल्यांदा मी वाजवणार. सोळाच्या सोळा, ओळीनं, एकदा. मग चौक तुमचा.”

“अहो मिस्त्री, ही काय अट झाली? तुमचा मान आहे तो!” पेई साहेबांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. भिंतीच्या अलीकडून मी ती पाहिली, ऐकलीसुद्धा.

ही अट का घातली, ते मला नंतर काकूनं सांगितलं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा कान फार तर तीन वर्षं साथ देईल. आणि काकांनी आयुष्यात पूर्ण संच कधीच ऐकला नव्हता. वडिलांनी केलेले संच दूरच्या देवळांत जायचे, आणि ते सगळे फुटले तेव्हा काका अकरा वर्षांचे होते. स्वतः केली ती सुटी छिंगं, कुणा देवळाला एक, कुणा संग्रहालयाला दोन. सोळा जणांना एकत्र गाताना ऐकायचं, तेही कान असेपर्यंत. माणसानं आयुष्यात आणखी किती कमी मागावं?

अक्षराच्या कामात मी शिरले, कारण मी शाळेत सुलेखन शिकवते. कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले आणि हाडांवर कोरलेलं सगळ्यांत जुनं रूप काढून दाखवलं. डावीकडे दोरीनं टांगलेला दगड, वर दोरीचे तुरे. उजवीकडे हातोडी धरलेला हात.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “बाई, हे अक्षर आहे का आमच्या अंगणाचं चित्र?”

“चित्रच होतं काका. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मारताना बघितलं आणि तसंच काढलं.”

“आणि हे पुढचं? याच्या पायाशी काय चिकटवलंय?”

“तो ‘दगड’. हजारेक वर्षांनी लोकांना वरचं चित्र ओळखू येईना. मग खाली लिहून टाकलं, की बाबांनो हा दगड आहे.”

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. “म्हणजे दगडाच्या खाली ‘दगड’ अशी पाटी! शहाणे!”

तिसरं रूप कुंचल्याचं, रेघा आडव्या पसरलेल्या. चौथं आजचं छापील. काकांनी त्या चौथ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “यात हात कुठे गेला?”

मी उजव्या कोपऱ्यातल्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघांवर बोट ठेवलं. “हा काय. बारीक झालाय, पण आहे.”

मग मी त्यांना ‘आवाज’ हे अक्षरही दाखवलं, कारण तेही याच दगडाचं. जुन्या रूपात टांगलेला दगड, मारणारा हात आणि खाली ऐकणारा कान, असं तिघांचं कुटुंब. माझ्या आईच्या वेळी अक्षरं सुटसुटीत केली तेव्हा त्यातला हात काढला आणि कानही काढला. उरला नुसता दगड, आणि त्याला आम्ही ‘आवाज’ म्हणतो. हे शिकवताना दर वर्षी माझ्या डोक्यात तिडीक जाते. काका मात्र शांतपणे म्हणाले, “ह्यातून काढला असेल. आपल्या छिंगमध्ये शाबूत आहे ना? मग झालं.”

त्यांनी चारही अक्षरं उठावात कोरली, पुरुषभर उंचीच्या शिळांवर. पहिल्या शिळेवरच्या हाताची बोटंसुद्धा कळावीत असं ते काम. चार शिळा झाल्यावर पेई साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चार हा आकडा उच्चारात ‘मरण’सारखा, म्हणून अशुभ, पाच करा म्हणाले. मी सांगितलं, पाचवं रूप नाही. ते म्हणाले, नसू दे. पाचव्या शिळेवर मोठ्या साहेबांच्या हस्ताक्षरात ‘सूर जुना, युग नवे’ असं कोरून घेतलं. मोठ्या साहेबांच्या अक्षराला मी दुसरीच्या वर्गात दहापैकी चार दिले असते. काकांनी तेही मन लावून कोरलं.

छिंगांना अडीच वर्षं लागली. एक झालं की खात्याचा माणूस यायचा, पेंढ्यात गुंडाळायचा, गाडीत घालून न्यायचा. दोन छिंगं एका वेळी अंगणात कधी राहिली नाहीत. सूर जुळतोय की नाही हे काका आधीचा सूर आठवणीत धरून ठरवायचे. सोळा दगड, अडीच वर्षं, सगळं डोक्यात! शेवटच्या हिवाळ्यात मी भिंतीवरून हाक मारली तर ऐकू जाईनासं झालं. मी वाटाणा फेकून मारायची, मग ते वळून बघायचे. “बाई, अजून आहे थोडा,” डाव्या कानावर बोट आपटून म्हणायचे. “जपून वापरतोय.” खरंच जपत होते. सणाला फटाके वाजले तर कानाला उशी बांधून आत बसायचे.

उद्घाटन राष्ट्रदिनाच्या सुट्टीत, सकाळी दहाला. काकांनी निळा कोट घातला, काकूनं स्वतः त्याच्या गुंड्या लावल्या. कोटाच्या एका खिशात लाकडी हातोडी, दुसऱ्यात बांबूची कांडी. मी माझी चाळीस पोरं रांगेनं घेऊन गेले. गर्दीतून पुढे गेलो आणि माझे पाय थांबले.

छिंगं टांगलेली नव्हती. एक भिंत बांधली होती, चकचकीत फरशीची, आणि त्या भिंतीत सोळाच्या सोळा छिंगं सिमेंटनं बसवली होती, नीट, पाठ टेकवून, स्वयंपाकघरात टाइल्स बसवतात तशी. दोरीच्या भोकातही सिमेंट भरलं होतं. समोर साखळी आणि पाटी: हात लावू नये. आणि संगीत वाजत होतं! बाजूच्या खोट्या खडकात कर्णा लपवला होता, त्यातून कुठल्यातरी भलत्याच संचाची ध्वनिफीत. लोक माना डोलावत होते. माझ्या रांगेतली पोरगी म्हणाली, “बाई, किती छान वाजतायत दगड!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काकांना कर्णा ऐकू येत नव्हता, त्यामुळे त्यांना वाटलं अजून शांतता आहे, आपलीच वाट बघतायत. ते साखळी ओलांडून भिंतीपाशी गेले. सिमेंट त्यांना दिसलं नसेल असं नाही. बघून बघितलं नाही, असं मला वाटतं. कांडी दातात धरली, पहिल्या छिंगाला टेकवली आणि ठोका दिला. थड्. विटेवर मारल्यासारखं. दुसऱ्याला टेकवली. थड्. तिसऱ्याला, चौथ्याला. कांडी दातात तशीच ठेवून ते सोळाव्यापर्यंत गेले. एकही सोडला नाही.

पेई साहेब धावत आले. “मिस्त्री, मिस्त्री, काय करताय? मोठे साहेब आलेत!”

“टांगायचे होते,” काका म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, सगळ्या चौकाला ऐकू गेलं. “टांगल्याशिवाय वाजत नाहीत.”

“चोरी होते हो. मागच्या वर्षी कारंज्यावरची पितळी कासवं गेली. आणि वाऱ्यानं एखादा कुणाच्या डोक्यात पडला तर? जबाबदारी कोणाची, तुमची?”

काकांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला आलं. मी म्हटलं, “साहेब, शब्द दिला होतात तुम्ही. पहिल्यांदा ते वाजवणार होते.”

“मग वाजवले की आत्ता,” पेई साहेब म्हणाले.

त्यांच्या गोल गालावर मी तेव्हा चपराक दिली नाही, कारण माझ्या मागे चाळीस पोरं उभी होती. पण एवढं निगरगट्ट वाक्य मी माझ्या जन्मात ऐकलेलं नाही. मोठ्या साहेबांनी फीत कापली. आपल्याच हस्ताक्षरासमोर उभं राहून फोटो काढला. बाकीच्या चार शिळांकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

नंतर मी अर्ज केले. एक खात्याला, एक त्याच्या वरच्याला. पहिल्याचं उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे. दुसऱ्याचं उत्तर आलं की पहिल्याकडे पाठवलं आहे. तोवर थंडी पडली, आणि एके सकाळी मी वाटाणा फेकला, भिंतीवर हातोडीनं ठोकलं, शेवटी ओरडले, तेव्हा काकूनं बाहेर येऊन नुसती मान हलवली. डावा कानही गेला होता. काका ओट्यावर बसून छिन्नीला धार लावत होते.

त्या धारेचं काय झालं ते आम्हाला अकरा दिवसांनी कळलं. काका रोज सकाळी आठ वाजता तिपाई आणि पेटी घेऊन चौकात जायचे, भर उजेडात, सगळ्यांसमोर. चौकातल्या पहारेकऱ्याला वाटलं, मिस्त्रीच आहे, डागडुजी करत असेल. तो बिचारा त्यांना थर्मासमधून गरम पाणी आणून द्यायचा. काकांनी पहिल्या शिळेवरचा हात काढला. बोटं, मनगट, हातोडी, सगळं छिलून, वर घासून, असं गुळगुळीत केलं की तिथे कधी काही होतं असं वाटू नये. मग दुसऱ्या शिळेवरचा. मग तिसऱ्यावरचा. पर्यटक येत होते, फोटो काढत होते, पाटी वाचत होते. एकाला तरी कळावं! एकालाही कळलं नाही.

चौथ्या शिळेवर आजचं अक्षर होतं. तिथे काकांनी मी बोट ठेवून दाखवल्या होत्या त्याच दोन रेघा काढल्या, आणि दुपारी घरी येऊन जेवले. दुसऱ्या दिवशी चौकात बोंबाबोंब झाली, कारण आजचं अक्षर सगळ्यांना वाचता येतं.

खात्यात बोलावणं आलं. काकूनं मला बरोबर यायला सांगितलं. पेई साहेबांच्या टेबलावर चहाची बाटली, शेजारी दोन पोलीस. साहेबांचा गोडवा आज आटला होता. ते ओरडून विचारायला लागले, मग लक्षात आलं की उपयोग नाही. शेवटी त्यांनी कागद ओढला, त्यावर लिहिलं आणि काकांपुढे सरकवला. मी खांद्यावरून वाचलं: ‘अक्षरातले हात कुठे गेले?’

काकांनी ते दोनदा वाचलं. “तेच मी उद्घाटनाच्या दिवसापासून विचारतोय,” ते म्हणाले. “तुमच्या चौकात दगडाला कुणाचा हात लागायचा नाही अशी पाटी आहे. मग अक्षरात खोटा हात कशाला? मुलं येतात तिथे. ती खरं समजतील.”

“हा सरकारी मालमत्तेचा प्रश्न आहे!” पेई साहेब मला म्हणाले. “त्यांना सांगा, दंड होईल. तुरुंग होईल.”

मी म्हटलं, “तुम्हीच लिहा. माझे अर्ज लिहून झाले.”

ते लिहायला लागले तोच काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “छिंगं सिमेंटातून सोडवा, दोरीनं टांगा. त्या दिवशी चारी हात परत कोरून देतो. नवीन शिळा आणतो, स्वतः. एक पैसा नको.”

पेई साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि हसले. ते हसणं मी विसरणार नाही. कागदावर मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘आता टांगून काय करणार? तुम्हाला ऐकू येत नाही.’

काकूनं तोंड फिरवलं. मला खोलीतलं काहीतरी उचलून फेकावंसं वाटलं, आणि जवळ होती ती चहाची बाटलीच होती. काकांनी कागद वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि त्याच खिशातून बांबूची कांडी काढली. टेबलावर, साहेबांच्या समोर, आडवी ठेवली. एका टोकाला त्यांच्या दातांच्या खुणा होत्या.

“दात आहेत अजून,” ते म्हणाले.

दंड झाला, तुरुंग झाला नाही, कारण एकाहत्तर वर्षांच्या बहिऱ्या माणसाला आत टाकलं तर फोटो वाईट येतात. छिंगं अजून सिमेंटात आहेत. खात्यानं शिळा दुरुस्त केल्या नाहीत. चौथीपुढे एक कुंडी ठेवली आणि पहिलीखालची पाटी बदलली. नवीन पाटीवर आहे की अतिप्राचीन काळी हे अक्षर म्हणजे एकटा टांगलेला दगड होता. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका पोरानं वहीत तसंच काढून आणलं, बिनहाताचं. मी त्याला भिंतीपलीकडे घेऊन गेले, रांजणातला आंबट वासाचा दगड टांगलेला होता तिथे, आणि त्याच्या हातात हातोडी दिली. काकांनी कांडी दातात धरली, दगडाला टेकवली आणि बोटानं खूण केली, मार.